न दिलेल्या गोष्टींची वही : हेगर शिप्लीच्या ताठ्यावरील प्रकल्प नोंदी

6 जून

दिवाळी अंकाच्या 'वार्धक्य' विभागासाठी दीर्घ लेख लिहिण्याचे आज नक्की झाले. मर्यादा साडेतीन हजार शब्दांची असून मजकूर 10 ऑगस्टपर्यंत पोहोचायचा आहे. विषय मीच सुचवला होता : आयुष्यभर जपलेल्या मानीपणाचे म्हातारपणी काय होते, आणि तो मानीपणा त्या म्हाताऱ्या माणसाचे काय करतो. यासाठी मी कॅनेडियन लेखिका मार्गारेट लॉरेन्स यांची 1964 साली प्रसिद्ध झालेली 'द स्टोन एंजल' ही एकच कादंबरी घेणार आहे. संपादकांनी थोडी कुरकुर केली. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील गव्हाच्या शेतांमधली नव्वद वर्षांची स्कॉटिश वंशाची बाई, म्हणजे नायिका हेगर, आपल्या वाचकाला कितपत जवळची वाटेल, अशी त्यांना शंका होती. मी त्यांना पहिले प्रकरण तोंडी सांगितले. त्यातली सून आणि सासू ऐकल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही.

लेख व्यक्तिचित्रण म्हणून लिहायचा नाही, एवढे आजच ठरवून टाकते. 'हेगर ही एक करारी स्त्री आहे' असे पहिले वाक्य लिहिले, की पुढचे सगळे लेखन त्या विशेषणाची पुरवणी होऊन बसते.

9 जून

दुसरे वाचन सुरू केले. कादंबरीची बांधणी पाहता वर्तमानकाळ अगदी थोड्या दिवसांचा आहे. हेगर थोरला मुलगा मार्विन आणि सून डोरिस यांच्याकडे राहते, तिला वृद्धाश्रमात ठेवण्याचे घाटते, ती पळून जाते, सापडते आणि रुग्णालयात शेवटचे दिवस काढते. या धाग्यात आठवणी मिसळत जातात, आणि त्या बालपणापासून पुढे जवळजवळ कालक्रमानेच येतात. प्रत्यक्षात आठवणी इतक्या शिस्तीत येत नाहीत, पण इथे या शिस्तीचा उपयोग झाला आहे : दोन्ही काळ अखेरीस एकाच ठिकाणी येऊन भिडतात.

हेगर जिथे वाढली ते मानावाका हे गाव काल्पनिक आहे. लॉरेन्स यांचा जन्म 1926 साली मॅनिटोबातील नीपावा या छोट्या गावी झाला. आई त्या चार वर्षांच्या असताना गेली, वडील नऊ वर्षांच्या असताना, आणि पुढची काही वर्षे त्या करड्या स्वभावाच्या आजोबांच्या विटांच्या घरात वाढल्या. कादंबरीतील जेसन करी, म्हणजे हेगरचा बाप, गावातला दुकानदार आहे, आणि विटांच्या घराचा त्यालाही फार तोरा आहे. आजोबा आणि जेसन करी यांची सरळ जुळणी मात्र मी लेखात करणार नाही, कारण लेखिकेच्या चरित्रातून पात्र सोलून काढण्याने पात्राबद्दल फारसे काही कळत नाही.

14 जून

आजचा संपूर्ण दिवस एका शब्दात गेला. इंग्रजीत या कादंबरीविषयी बोलताना 'प्राइड' हा एकच शब्द सर्वत्र पुरतो. मराठीत मात्र त्याच जागी अभिमान, स्वाभिमान, गर्व, अहंकार, ताठा, तोरा, आढ्यता, मिजास, गुर्मी, मानीपणा अशी रांग उभी राहते, आणि यातला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याचा निकाल आधीच सांगून मोकळा होतो. 'स्वाभिमानी' म्हटले की बाई जिंकली आणि 'गर्विष्ठ' म्हटले की हरली. हेगरला या दोहोंपैकी एकही लागू पडत नाही. ती आढ्यतेने बोलते हे खरे. नवऱ्याने बोटांनी नाक शिंकरले तर तिला मेल्याहून मेल्यासारखे होते, सावत्र मुलींना ती मनातून गावंढळ म्हणते आणि सुनेच्या प्रत्येक वाक्याला नाक मुरडते. पण ही आढ्यता वरची साय आहे. खाली काहीतरी वेगळे, टणक आहे.

दुपारी शब्दकोश चाळताना लक्षात आले की मराठीने माझे काम अर्धे करून ठेवले आहे. आपल्याकडे 'मान' म्हणजे आदर आणि 'मान' म्हणजे गळ्यामागचा तो अवयवही. दोन्ही शब्दांची संस्कृतातील कुळे वेगळी असली, तरी बोलताना आपण ती वेगळी ठेवत नाही : मान ताठ ठेवणे, मान तुकवणे, मान खाली घालायला लावणे या सर्वांत शरीर आणि प्रतिष्ठा एकच होतात. हेगरचा अभिमान असाच शरीरात उतरलेला आहे. तो तिच्या मतांत कमी आणि तिच्या पाठीच्या कण्यात जास्त आहे. लेखात मुख्य शब्द 'ताठा' ठेवते. त्यात निंदा आहे, पण ताठ उभे राहणेही आहे, आणि दगडाशी त्याचे नाते आपोआप जुळते.

18 जून

कण्याचा पुरावा पहिल्याच प्रकरणात मिळाला. लहान हेगर बापाच्या दुकानात बेदाण्यांच्या पिंपात किडे पाहते आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलून दाखवते. संध्याकाळी बाप तिच्या तळहातांवर पट्टीने मारतो. ती रडत नाही, त्याच्याकडे रोखून पाहत राहते. तो अधिक मारतो, आणि अखेर पट्टी टाकून तिला जवळ घेतो. ही आपल्यावर गेली आहे, हिच्यात कणा आहे, असे तो म्हणतो. लहान मुलाला बापाची मिठी एका विशिष्ट गोष्टीच्या मोबदल्यात मिळाली, आणि ती गोष्ट म्हणजे न रडणे. हा हिशेब ती मुलगी जन्मभर विसरत नाही.

त्याच बापाने बायकोच्या थडग्यावर इटलीहून आणवलेली संगमरवरी देवदूती उभी आहे. हेगरला जन्म देताना आई गेली, आणि पुतळा आईच्या आठवणीसाठी कमी आणि बापाच्या नावासाठी जास्त आहे. त्या पुतळ्याच्या डोळ्यांत बुबुळे कोरलेलीच नाहीत. यावर बहुतेक अभ्यासकांनी लिहिले आहे, म्हणून मी दोन वाक्यांत उरकणार.

मला जास्त थांबावेसे वाटते ते शालीपाशी. हेगरच्या दोन थोरल्या भावांपैकी धाकटा डॅन अठरा वर्षांचा असताना नदीवरील बर्फ फुटून पाण्यात पडतो आणि न्यूमोनियाने आजारी होतो. तो तापात आईला हाका मारतो. दुसरा भाऊ मॅट हेगरला विनवतो की आईची जुनी चौकड्याची शाल पांघर, त्याला मांडीवर घे आणि घटकाभर आई हो. हेगरला ते जमत नाही. तिला ते करावेसे वाटते, पण ती आई अशक्त होती, टिकली नाही, आणि त्या अशक्तपणाचा आव आणणेही हेगरला शक्य होत नाही. अखेर मॅटच ती शाल पांघरतो आणि भाऊ जाईपर्यंत त्याला धरून बसतो.

हा प्रसंग चौथ्यांदा वाचल्यावर प्रकल्पाची पद्धत सापडली. आजपासून एका वहीत हेगरने जे जे केले नाही, बोलली नाही, दिले नाही, त्याची नोंद करायची. पहिली नोंद : शाल.

25 जून

वही भराभर भरते आहे. चोविसाव्या वर्षी हेगर बापाला झुगारून ब्रॅम शिप्ली या चौदा वर्षांनी मोठ्या, विधुर, अर्धवट कफल्लक शेतकऱ्याशी लग्न करते. बापाने तिचे तोंड पाहिले नाही आणि मरताना पैसा गावाला देऊन टाकला, त्याच्या नावाने बाग झाली. पाहिले तर हा दोन ताठ माणसांचा सामना आहे आणि दोघेही हरले आहेत.

ब्रॅमविषयीच्या दोन नोंदी महत्त्वाच्या वाटतात. पहिली शय्येची : हेगरला त्याच्या सहवासात सुख मिळू लागते, पण ती त्याला ते कधीही कळू देत नाही. आवाज नाही, शरीराची थरथरसुद्धा आतल्या आत. इतकी वर्षे एका बिछान्यावर झोपलेल्या माणसाला आपण नकोसे आहोत असेच वाटत राहावे, याची तिने काळजी घेतली. दुसरी नोंद नावाची : तिच्या आयुष्यात तो एकटाच असा होता की ज्याच्या लेखी ती मुलगी, बहीण, आई किंवा बायकोही नव्हती, फक्त हेगर होती. हे तिला फार उशिरा कळते, आणि कळल्यावरही सांगायला तो उरलेला नाही. (आपल्याकडे रुग्णालयात पाऊल टाकताच साठीपुढची प्रत्येक बाई परिचारिकांची 'आजी' होते. प्रेमानेच म्हणतात, पण हेगरने त्या शब्दावर काय तोंड केले असते, याचा विचार मनातून जात नाही.)

अपवादही नोंदवायला हवा. ब्रॅमचा लाडका घोडा हिमवादळात मरतो तेव्हा ती त्याच्याजवळ दुःख व्यक्त करते, आणि तो चकित होतो. एक साधे वाक्य ऐकून नवरा चकित होतो, यातच सगळे आले.

अंडी विकण्याचा प्रसंग : गरिबीमुळे ती गावात दारोदार अंडी विकते. एके दिवशी दार उघडणारी लहान मुलगी आईला हाक मारून अंडीवाली आल्याचे सांगते, आणि ती आई म्हणजे लहानपणी हेगरने जिला अनौरस म्हणून हिणवले होते ती लॉटी. त्यानंतर सार्वजनिक स्वच्छतागृहातील आरशात तिला पुरुषी कोट घातलेला, रापलेला एक चेहरा दिसतो आणि तो आपला आहे हे तिला पटत नाही. ती त्यानंतर धाकट्या जॉनला घेऊन नवऱ्याला सोडून जाते. वाचकांना हे बंड वाटते. मला ते आरशावरचा राग वाटते.

26 जून

कालच्या शेवटच्या वाक्यावर काट मारली. फार चटपटीत आहे आणि पूर्ण खरे नाही. किनाऱ्यावरच्या शहरात एका म्हाताऱ्या श्रीमंत गृहस्थाच्या घरी तिने घरकामाची नोकरी केली, स्वतः कमावून मुलगा वाढवला. ज्या ताठ्याने ती कोणाला काही देऊ शकली नाही, त्यानेच तिला तिथे उभे ठेवले. वहीत फक्त उणी बाजू लिहीत गेले तर माझा लेख जेसन करीच्या हिशेबाच्या खातेवहीसारखा होईल. समोरच्या पानावर दुसरा रकाना आखला : ताठ्याने निभावलेले.

3 जुलै

जॉनचा मृत्यू. हे प्रकरण संपवायला मला तीन दिवस लागले, आणि लेखात याला किती जागा द्यावी हे अजून ठरत नाही.

वर्ष दुष्काळाचे, 1930 च्या दशकातले. ब्रॅम मरतो तेव्हा जॉन रडतो, हेगर रडत नाही. लॉटीची मुलगी आर्लीन आणि जॉन एकमेकांच्या प्रेमात आहेत. दोघांकडे पैसा नाही. ज्या दोन बायकांनी आयुष्यभर एकमेकींना पाण्यात पाहिले, त्या एका दुपारी बसून, अगदी सभ्यपणे, आर्लीनला पूर्वेकडे पाठवून देण्याची योजना आखतात. मुलांना ते कळते. जॉन दारू पिऊन पैज लावतो आणि रेल्वेच्या पुलावरून ट्रक नेतो. समोरून अनपेक्षित मालगाडी येते. आर्लीन जागीच जाते, जॉन रुग्णालयात.

तिथली मुख्य परिचारिका हेगरच्या खांद्याभोवती हात टाकते आणि रडून घ्या म्हणते. हेगर तो हात झटकते आणि पाठ सरळ करते. त्या क्षणी सरळ उभे राहणे हे आपल्या सबंध आयुष्यातले सर्वांत कठीण काम होते, असे ती सांगते. परक्यांदेखत रडायचे नाही, घरी जाऊन रडू, असे तिने ठरवलेले असते. घरी गेल्यावर रडू येतच नाही. त्या रात्री आपण दगड झालो, असे ती स्वतःच म्हणते.

बेदाण्यांच्या पिंपापासून इथपर्यंत सरळ रेघ आहे. तेव्हा न रडल्याबद्दल मिठी मिळाली होती. आता मिठी आधी आली आणि ती नाकारली, कारण रडण्याबरोबर मिळणारी मिठी तिला माहीतच नव्हती. वहीत नोंद : अश्रू. दुसऱ्या रकान्यातही तीच नोंद करावी लागली, म्हणजे निभावले तेही यानेच. दोन्ही रकान्यांत एकच शब्द आल्याने मी बराच वेळ पानाकडे पाहत बसले.

8 जुलै

शरीराविषयीचा भाग उरकला. ओले होणारे पलंगपोस, पडल्यावर उठता न येणे, डोरिसने धरून उचलणे. हेगरला दुखण्यापेक्षा त्याची वाच्यता जास्त लागते. इथे कादंबरी कमालीची विनोदी आहे, आणि तो विनोद हेगरच्या तिखट जिभेतून येतो. लॉरेन्स यांनी तिला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली, ही मोठी गोष्ट. वाचक तिच्या बाजूने हसतो आणि मग खजील होतो, कारण डोरिसही साठीच्या घरात आहे, दमलेली आहे आणि रात्री उठून चादरी बदलते आहे. डोरिसला लेखात न्याय द्यायचा आहे. कहाणी सांगणारी हेगर असल्यामुळे तो पुस्तकात कमी पडतो, पण पुरावे मात्र हेगरनेच अनवधानाने पेरून ठेवले आहेत.

14 जुलै

हेगर हे नाव बायबलमधले आहे, म्हणून आज मराठी बायबलमधील उत्पत्तीचे सोळावे आणि एकविसावे अध्याय काढून वाचले. तिथे ती हागार, साराची मिसरी दासी. पहिल्यांदा ती स्वतः पळून जाते आणि झऱ्यापाशी देवदूत तिला भेटतो. दुसऱ्यांदा तिला मुलासह हाकलतात, मसकीतले पाणी संपते, आणि मग देव तिचे डोळे उघडतो व तिला विहीर दिसते. विहीर नवी निर्माण झाली असे मजकुरात म्हटलेले नाही. डोळे उघडले आणि ती दिसली, एवढेच आहे. बुबुळे नसलेल्या पुतळ्याशेजारी हे ठेवून पाहिल्यावर पुतळ्यावर दोनच वाक्ये लिहिण्याचा माझा निश्चय डळमळला.

कादंबरीतील हेगरही वृद्धाश्रमाच्या धाकाने पळते आणि समुद्राकाठच्या एका ओसाड मासळीच्या कारखान्यात जाऊन राहते. तहानेने कासावीस असताना तिला बादलीत साठलेले पावसाचे पाणी मिळते. रात्री तिथे लीस नावाचा विमा विकणारा माणूस दारू घेऊन येतो. त्याचा मुलगा घराच्या आगीत गेला आहे, आणि त्या वेळी नवरा-बायको प्रार्थनासभेत होते. तो आपले सांगतो. मग प्रथमच ती जॉनचे सांगते, आणि रडते. परक्यांदेखत रडायचे नाही म्हणून गोठलेले अश्रू अखेर एका परक्यासमोरच वाहिले. नंतर तापाच्या भरात ती त्यालाच जॉन समजते, आणि तो बिचारा जॉन होऊन तिची समजूत काढतो.

इथे मला शाल आठवली. एका मरणाऱ्या मुलासाठी जे सोंग हेगरने घेतले नाही, ते सोंग हा अनोळखी माणूस तिच्यासाठी घेतो. हा दुवा लेखाचा कणा. तो शब्द आता टाळता येत नाही.

सकाळी लीसने तिच्या मुलाला कळवलेले असते. ती आधी चिडते, मग त्याच्या हाताला स्पर्श करून त्याच्या मुलाबद्दल वाईट वाटते म्हणते. वहीत 'दिले' या मथळ्याचे नवे पान काढावे लागले.

22 जुलै

रुग्णालयातील कीर्तन-प्रसंग, म्हणजे पाद्री ट्रॉय तिच्या सांगण्यावरून शंभराव्या स्तोत्राचे जुने गीत संकोचत गातो तो. गीतात आनंद करण्याची आज्ञा आहे, आणि ते ऐकताना हेगरला उमगते की आपल्याला आयुष्यभर आनंदच करायचा होता, पण अभिमान हे आपले रान होते आणि तिथे नेणारा सैतान म्हणजे भीती. अभ्यासकांचे हे सर्वांत आवडते वाक्य आहे. मला ते जरा जास्तच उघड वाटते. नव्वद वर्षांची गाठ एका वाक्यात सुटत नसते.

लेखिकेलाही हे ठाऊक असावे, कारण लगेच डोरिस येते आणि हेगर सवयीने तिरकस बोलून पाद्र्याला उडवून लावते. मग ओशाळून सांगते की तो गायला आणि मला बरे वाटले. डोरिसचा विश्वास बसत नाही. डोरिसच्या त्या संशयी नजरेसाठी मी उमगण्याचे सगळे वाक्य देऊन टाकीन. माणूस बदलला तरी त्याच्या घरच्यांनी ते मानायला अवधी लागतो, आणि हेगरकडे आता अवधी नाही.

'दिले' या पानावर : आईची नीलमण्याची अंगठी, नात टिनासाठी, डोरिसच्या हातात.

30 जुलै

उरलेल्या दोन नोंदी. रात्री शेजारच्या खाटेवरील कोवळ्या मुलीला घाई होते आणि परिचारिका येत नाही. हेगर वेदनेने वाकत उठते, धडपडत जाते आणि तिला भांडे आणून देते. नंतर दोघी हसतात. शरीराच्या ज्या गोष्टींची तिला जन्मभर शरम वाटली, त्याच गोष्टीत ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

आणि मार्विन. पहिल्या महायुद्धात लढून आलेला, रंग विकून संसार केलेला, आईच्या लेखी सदैव दुय्यम ठरलेला हा मुलगा तिचा हात धरून बसतो आणि आपण चिडचिड केली म्हणून माफी मागतो. तिला तो देवदूताशी झुंजणाऱ्या याकोबासारखा दिसतो, आशीर्वाद मिळाल्याखेरीज न सोडणारा. ती त्याला सांगते की तू माझ्याशी नेहमी चांगला वागलास, जॉनपेक्षाही चांगला मुलगा ठरलास. हे खोटे आहे आणि नाहीही. इथे हेगरने अखेर शाल पांघरली, असे मी लिहिले आहे. दुसऱ्याच्या गरजेपोटी सोंग घ्यायला तिला सत्तरहून अधिक वर्षे लागली.

7 ऑगस्ट

मसुदा 3,400 शब्दांवर थांबला. संपादकांचा फोन आला. शेवट 'ती अखेर निवळते' असा केल्यास वाचकाला बरे वाटेल, अशी त्यांची सूचना होती. मी त्यांना शेवटचे पान वाचून दाखवले. परिचारिका पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरते. हेगरला तहान आहे, पण असे पाजलेले पाणी तिला चालत नाही. ती पेला हिसकावून स्वतःच्या हातात घेते, आणि वाक्य अर्धवट ठेवून कादंबरी संपते.

पेल्याची नोंद कोणत्या पानावर करायची हे मला ठरवता आले नाही. तीनही मथळ्यांखाली ती लिहिली आणि मजकूर पाठवून दिला.